अर्ध्या तासावरचं शिखर

“थांबा, थांबा! इथं एक फोटो हवाच,” वॉशिंग्टन धापा टाकत म्हणाला आणि दोन्ही दोरांना बांधलेली माणसं पुन्हा थांबली. उजाडल्यापासूनची ही सहावी खेप.

तार्सिलाने चढाईची कुऱ्हाड बर्फात रोवली. फोटो कसला, दम लागलाय म्हण की मेल्या, ती मनात म्हणाली. रियोबांबा शहराच्या पाणी कचेरीत हा माणूस वीस वर्षं खुर्चीत बसून होता आणि गेले सहा महिने त्याच खुर्चीतून चिंबोरासोचा डोंगर चढत होता. नवं लाल जाकीट, नवं घड्याळ, दुपारी जेवणानंतर श्वासाचे व्यायाम. त्याच्या दोरावर पुढे एक वाटाड्या आणि मागे नेली, कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. तो बोलला की हसायचं, हे तिचं निम्मं काम.

तार्सिला त्याच कचेरीतली मीटर वाचणारी. वय सत्तेचाळीस. रोज चढउताराच्या गल्ल्या, रोज दोनशे दारं. “चल गं तार्से, तुझे पाय दणकट, सामानाला बरं पडेल,” असं म्हणत नेलीने तिला ओढलं होतं. ती आली. हा डोंगर जन्मभर खालून बघितला होता. वर येतेस का, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“दमलात, ताई?” तिच्या दोरावरचा वाटाड्या आसेन्सियो म्हणाला.

“यांची वाट बघून दमले.”

आठच्या सुमारास चढ संपला आणि पांढरं सपाट मैदान लागलं. वॉशिंग्टन गुडघ्यांवर कोसळला, छातीवर क्रूस काढला आणि खिशातून झेंडा बाहेर ओढला.

“पोचलो! नेली, ये इकडे. तार्से, काढ फोटो. डोंगर दिसू दे हं.”

“डोंगरावरच उभे आहात,” तार्सिला म्हणाली आणि फोटो काढला. मग समोर बोट केलं. मैदानापलीकडे ढगात आणखी एक उंचवटा होता. “ते काय?”

“खरा माथा तो,” आसेन्सियो म्हणाला. “अर्धा तास. बर्फ मऊ आहे, गुडघाभर रुताल. ऊन चढलं की खाली दगड सुटायला लागतील. जायचं तर आत्ताच.”

“अहो, तीसेक मीटरचा तर फरक!” वॉशिंग्टन म्हणाला. “खाली कुणाला कळणारे?”

“मला कळेल,” तार्सिला म्हणाली.

“हिला आता खूळ लागलंय,” नेली म्हणाली. “तार्से, मला मळमळतंय गं. चल ना खाली.”

“तुम्ही उतरा तुमच्या वाटाड्याबरोबर. मी येते.”

ती निघाली. दर पावलाला पाय मांडीपर्यंत आत जात होता. शंभर पावलांवर तिला ओकारी आली. तिने तोंड पुसलं, मागे वळून बघितलं नाही. खालून नेलीचं हसणं ऐकू आलं, की तसं वाटलं, कोण जाणे.

“हाच,” आसेन्सियो थांबून म्हणाला. “इथून पुढे सगळा उतारच.”

दिसत काहीच नव्हतं. ढग, वारा आणि ती दोघं. दोन मिनिटं तार्सिलाला कुणाचाच राग आला नाही. मग वॉशिंग्टन आठवला आणि ती उतरायला लागली.

सोमवारी कचेरीच्या भिंतीवर फोटो लागला होता: लाल जाकीट, झेंडा, नेली. खाली मोठ्या अक्षरांत ‘चिंबोरासोच्या शिखरावर’. लोक केक खात होते.

“तार्सिलाबाई, तुम्ही खालच्या विश्रामगृहातच थांबलात ना?” कुणीतरी विचारलं.

तिने वॉशिंग्टनकडे बघितलं. तो केक कापत राहिला.

दुपारी मात्र जिन्यात त्याने तिला गाठलं. आजूबाजूला बघून हळूच विचारलं, “तिथं... कसं होतं गं?”

उतरताना सगळी वाट तिने त्याच्यासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकेक चाबकासारखं. आता त्याच्या सोललेल्या नाकाकडे बघताना एकही खर्च करावंसं वाटेना.

“काही दिसलं नाही. ढग होते.”

“म्हणजे आमच्यासारखंच!” त्याचा चेहरा उजळला.

“हो. तसंच.”

तिने वही काखेत मारली आणि उन्हात बाहेर पडली. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. बूट चावत होता. पहिल्या दाराशी तिने कडी वाजवली.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“मीटर,” तार्सिला म्हणाली आणि दार उघडेपर्यंत ताठ उभी राहिली.