लाल मेणातलं चीज

वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की टपालानं खाऊ पाठवणाऱ्या कंपनीचा कॅटलॉग दारात येऊन पडायचा, आणि त्या दिवसापासून कवळीमास्तरांची भूक मरायची. कॅटलॉग चांगला चौसष्ट पानांचा. पानोपानी केक, टॉफी, सुका मेवा, मुरंबे, फितीनं बांधलेले डबे. इतर माणसं तो जिभल्या चाटत बघतात. मास्तर तो चष्मा पुसून, पेन्सिल हातात घेऊन, कपाळाला आठ्या घालून वाचायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दातांच्या डॉक्टरांसाठी ते कवळ्या बनवायचे, आणि चाळीस वर्षं एकच काम नीट करणाऱ्याला लोक मास्तर म्हणायला लागतात, तसे ते मास्तर. तळमजल्यावरची पुढची खोली हेच वर्कशॉप. एक टेबल, एक बर्नर, घासायचं मशीन, आणि भिंतीभर फळ्यांवर लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे. साचे वर्षभर ठेवायचे आणि मग फोडून टाकायचे, असा मास्तरांचा नियम. फक्त सगळ्यात वरच्या फळीवर एक जोडी पाच वर्षं तशीच होती. तिच्यावरची धूळ मास्तर स्वतः पुसायचे, बायकोला हात लावू द्यायचे नाहीत.

ती जोडी दादांची. दादा मास्तरांहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले तेव्हा दादांनीच धाकट्याला वाढवलं, कवळीचं काम शिकायला पाठवलं. दादांचा धंदा लिलाव पुकारण्याचा. जुनी कपाटं, पलंग, घड्याळं, जे येईल ते. आवाज असा की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस जागा होऊन बोली लावायचा आणि घरी जाऊन बायकोच्या शिव्या खायचा.

पाच वर्षांपूर्वी दादांचे उरलेसुरले दात गेले. डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "घरचंच माणूस आहे, मेणावर चावा तुम्हीच घ्या." चावा म्हणजे मऊ केलेल्या मेणावर माणसानं दात मिटल्यासारखा जबडा मिटायचा आणि मेण गार होईपर्यंत दोन मिनिटं गप्प बसायचं. त्या खुणेवरून वरची आणि खालची कवळी एकमेकींवर बसते. एवढंच काम. पण दादा त्या दोन मिनिटांतही एका पलंगाच्या लिलावाची हकिगत सांगत होते. तोंडात मेण आणि वर हकिगत. मास्तरांना समोर दिसत होतं की खूण सरकली. दुसरा कोणी असता तर त्यांनी त्याला झापलं असतं. पण दादांना "गप्प बसा" म्हणायला त्यांची जीभ रेटेना. नवीन मेणावर पुन्हा चावायलाही त्यांनी सांगितलं नाही. तसल्याच खुणेवर त्यांनी कवळी बनवली आणि मनाची समजूत घातली की जमेल.

महिनाभरात भरल्या हॉलमध्ये दादा एका शिसवी कपाटाचा लिलाव पुकारत होते. एक वार झालं. दोन वार झालं. "तीन" म्हणताना वरची कवळी सुटली आणि टेबलावर पडली. "वार" शेवटपर्यंत उच्चारलाच गेला नाही, त्यामुळे कपाट कायद्यानं कोणाचं यावर दोन गिऱ्हाइकांत वाद सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालूच राहिला. दादांनी कवळी रुमालात बांधली, घरी आले आणि पुन्हा हॉलची पायरी चढले नाहीत. धाकट्या भावाशीही बोलले नाहीत.

दोघांच्या बायकांनी मात्र संबंध टिकवायचं ठरवलं. दोघी जावा, दोघींचं बरं चाललं होतं, आणि नवऱ्यांच्या रुसव्यापायी सुट्ट्या वाया घालवणं दोघींना परवडणारं नव्हतं. ठरलं असं की दर वर्षी एका घरातून दुसऱ्या घरात खाऊचा बॉक्स जाईल, आणि तो ज्यानं त्यानं स्वतः निवडायचा. कल्पना चांगली होती. फक्त तिच्यात दात मध्ये येत होते.

पहिल्या वर्षी मास्तरांनी बदामाची टॉफी पाठवली. आपल्या कामावर आपला भरवसा आहे, असं त्यांना त्यातून सांगायचं होतं. दादांनी त्यातून वेगळंच वाचलं आणि उलट टपाली एक किलो अक्रोड पाठवले, कवचासकट. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी घाबरून पेअरचा मुरंबा पाठवला. वहिनींनी फोनवर कळवलं की दादा बाटली बघून म्हणाले, "आजाऱ्याचं खाणं आलंय, आजारी कोण आहे?" तिसऱ्या वर्षी खारी बिस्किटं गेली, ती तशीच डब्यात मऊ पडली. चौथ्या वर्षी स्पंज केक गेला. तो तिसऱ्या दिवशी परत आला. वर लिहिलं होतं, "घरी कोणी नाही." अक्षर दादांचं होतं.

कडक पाठवावं तर टोमणा, मऊ पाठवावं तर कीव. यंदा वहिनींचा फोन महिनाभर आधीच आला. मास्तरांची बायको फोन ठेवून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली.

"भावोजी घरातसुद्धा तोंडावर हात धरून बोलतात म्हणे," ती म्हणाली. "पेज नाहीतर सूप, एवढंच खातात. जाऊबाई म्हणतात, यंदाचा बॉक्स परत आला तर पुढच्या वर्षीपासून हे बंदच करू. त्यांना दारातल्या पार्सलवाल्याला तोंड दाखवायची लाज वाटायला लागलीय."

"दुसरीकडून कवळी करून घ्यायची," मास्तर घासता घासता म्हणाले.

"करत नाहीत. का ते विचारू नका, मला माहीत नाही."

मास्तरांनी मशीन बंद केलं. त्यांनी फक्त कॅटलॉग मागितला.

यंदा त्यांनी अंदाजानं काही करायचं नाही असं ठरवलं. कंपनीकडून नमुन्याची छोटी पाकिटं मागवता यायची. त्यांनी बावीस मागवली. मग टेबलावर बिजागरीचा लोखंडी जबडा ठेवला, ज्याच्यावर कवळ्या बसवून तपासतात तो. त्याच्यात एक जुनी कवळी बसवली आणि एकेक पदार्थ त्या जबड्यात घालून ते चावायला लागले. म्हणजे जबडा चावत होता, मास्तर वही लिहीत होते. "अंजीर: चिकटतं, वरची ओढते." "नारळाची वडी: कण हिरडीखाली जातात." "टॉफी: प्रश्नच नाही." उरलेला खाऊ बायको खात होती आणि तिचं मत कोणी विचारत नव्हतं.

"आल्याचे केक छान आहेत," ती एकदा म्हणाली.

"बुड ओलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कीव."

अडतिसाव्या पानावर चीज होतं. पावाएवढा गोल गड्डा, वरून लाल मेणाचं जाड कवच, सहा महिने मुरलेलं. जबड्यानं ते ओढलं नाही, भुगा केला नाही, स्वच्छ कापलं. कडकही नाही आणि मऊही नाही. चांगले दात असलेला माणूस ते चवीनं खाईल आणि वाईट दात असलेला कोणाला कळू न देता खाईल. मास्तरांनी तीन वेळा चावून पाहिलं, मग स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. आठवडाभरात त्यांनी चवीनं खाल्लेलं ते पहिलं काही. सवयीनं त्यांची बोटं मेणाचा तुकडा मळत राहिली.

फॉर्मवर खाली चिठ्ठीसाठी जागा होती. बारा शब्द फुकट. दर वर्षी तिथे बायको "सुट्ट्यांच्या शुभेच्छा" लिहायची. मास्तरांनी फॉर्म आपल्याकडे ओढला, बराच वेळ पेन्सिल दाताखाली धरली आणि लिहिलं: "दादा, त्या दिवशी चूक माझी. तुम्ही बोलत होता, मी थांबवलं नाही."

बायकोनं वाचलं. पाच वर्षांत ही गोष्ट त्यांनी तिलाही सांगितली नव्हती. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं.

"चूक माझी म्हणता आणि तुम्ही बोलत होता असंही म्हणता," ती शेवटी म्हणाली.

"दोन्ही खरं आहे."

"अकरा शब्द झाले. एक उरलाय."

मास्तरांनी शब्द मोजले आणि शेवटी "नमस्कार" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. चिठ्ठीचा मजकूर हाच छापायचा ना, तिनं विचारलं, कारण बहुतेक लोक शुभेच्छा छापतात. हाच, मास्तर म्हणाले. रंगीत फुलांची किनार हवी का? नको, मास्तर म्हणाले.

पार्सल गेलं. चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी मास्तर एकाच दाताला दोनदा पॉलिश करताना पकडले गेले. आठव्या दिवशी पार्सलवाला आला आणि तोच बॉक्स टेबलावर ठेवून सही घेऊन गेला. तीच फीत, तोच कागद, वरून दोरा नवा. आत काय, या रकान्यात दादांच्या अक्षरात होतं: "खाद्यपदार्थ."

"परत आला," बायको म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

मास्तरांनी बॉक्स उचलून कपाटावर ठेवला, स्पंज केकचा ठेवला होता तिथेच. एका बाईच्या खालच्या कवळीचं काम हातात होतं, ते करायला बसले. त्यांना रडू येत होतं आणि बासष्टाव्या वर्षी चीजसाठी रडणं बरं दिसलं नसतं. थोड्या वेळानं ते थांबले. बॉक्स उचलताना हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं. चाळीस वर्षं ग्रॅमात वजन करणारा हात होता तो. बॉक्स हलका होता.

त्यांनी दोरा कापला. आत चीज नव्हतं. एका स्वच्छ मोज्यात गुंडाळून कवळी होती, वरची आणि खालची. पाच वर्षं वापरून कडेला पिवळी पडलेली, पण घासून लख्ख केलेली. वरच्या पुढच्या दातांतला एक केसभर तिरका, दादांचा खरा दात होता तसा. तो मास्तरांनीच तसा बसवला होता. म्हणजे दादा पाच वर्षं हीच घालत होते. पडते, टोचते, दुनियेसमोर लाज काढते, तीच.

मोज्याखाली कागदात लाल मेण होतं. चीजवरचं सगळं कवच सोलून, गरम पाण्यात मऊ करून, घोड्याच्या नालासारखी वळी केलेली. तिच्यावर याच कवळीच्या दातांचा चावा उमटला होता. वरचा आणि खालचा. खोल, स्वच्छ, कुठेही न सरकलेला.

सोबत लिलावाच्या जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिलं होतं: "दोन मिनिटं मोजली. एक अक्षर बोललो नाही. चीज बरं होतं."

मास्तरांनी ते बायकोला दिलं. तिनं वाचलं आणि पदर डोळ्याला लावला.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे भावोजी तिकडे आता बिनदातांचे बसलेत."

"हो."

"सुट्ट्यांच्या तोंडावर."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलावरची बाईची कवळी बाजूला सारली. त्या बाईला चार दिवस थांबावं लागणार होतं आणि ती त्याबद्दल जे बोलणार होती ते ऐकायला मास्तर तयार होते.

मेणाच्या चाव्यात दोन्ही कवळ्या बसवून त्यांनी त्या प्लास्टरनं लोखंडी जबड्यात पक्क्या केल्या, मेण काढलं आणि जबडा मिटला. डावीकडची दाढ आधी टेकत होती आणि उजवीकडे नखाएवढी फट राहत होती. पाच वर्षं दादा त्या फटीवर जेवत होते. मास्तर दाढ घासत गेले, मिटून बघत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी फट गेली. पण हिरड्याही पाच वर्षांत झिजतात. वरच्या कवळीला आतून नवा थर हवा होता, आणि तो तोंडात धरूनच घट्ट होतो. ते काम टपालानं होत नाही.

मास्तरांनी थराची पावडर, औषधाची बाटली आणि वाटी पिशवीत भरली. बायकोनं वाटेत खायला म्हणून आल्याचे केक घेतले.

दार वहिनींनी उघडलं. मागे दादा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, तोंडावर हात धरून. केस सगळे पांढरे झाले होते. गाल आत गेले होते. पाच वर्षांत मास्तरांनी मनातल्या मनात बरीच वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला, वाटीत थर कालवला, कवळीत पसरला.

"दादा, हात काढा. तोंड उघडा."

दादांनी हात काढला. मास्तरांनी कवळी बसवली, हनुवटीखाली बोट धरलं, जबडा मिटवला. दादांच्या ओठांची हालचाल व्हायला लागली. पाच वर्षांचं साठलेलं होतं ते, एकदम बाहेर यायला बघत होतं.

"दादा," मास्तर म्हणाले. "गप्प बसा."

वहिनी जागच्या जागी थिजल्या. या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. दादांनी धाकट्याकडे बघितलं, चांगलं टक लावून बघितलं, आणि ते गप्प बसले. डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत होतं, ते पुसायलासुद्धा त्यांनी मान हलवली नाही. मास्तर घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट झालं. दोन झाली. तिसरं पुरं झाल्यावर त्यांनी हनुवटीखालचं बोट काढलं.

"झालं," ते म्हणाले.

दादांनी दात एकदा मिटून पाहिले. मग खुर्चीत ताठ बसले, समोरच्या भिंतीकडे बघितलं, आणि भरल्या हॉलसाठीच्या आवाजात म्हणाले, "तीन वार."

दात जागेवर होते. पाच वर्षं अडलेलं ते शिसवी कपाट दादांनी शेवटची बोली लावलेल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं, आणि वहिनी सगळ्यांसाठी ताटं घ्यायला आत गेल्या.