मोटारीतली हळद

लोणार ते मेहकर हे पंधरा मैल. तेवढ्या वाटेत उकंडरावांच्या मोटारीला निदान तीनदा तहान लागायची. लोकांना त्याची सवय झाली होती. मोटार थांबली की बायका उतरून लिंबाखाली बसत, पुरुष चिलमी काढत, आणि उकंडराव गोणपाटाच्या बोळ्याने पाण्याच्या टाकीचं टोपण धरून, तोंड एकीकडे फिरवून ते उघडत. मग वाफेचा असा फुत्कार निघे की जवळपासचा बैल दावं तोडायला बघे.

मोटार दहा बैठकांची, लाकडी अंगाची, बाजूंना किरमिजी पडदे असलेली. खामगावच्या एका कापूसवाल्याने नऊ वर्षं हाकून टाकून दिलेली ही म्हातारी उकंडरावांनी घेतली, तिच्या कपाळावर मध्यप्रांत-वऱ्हाडचा नंबर रंगवून घेतला आणि तेव्हापासून चार वर्षं ते तिला ‘माही गाय’ म्हणत आले होते. गाईला कुणी नाव ठेवलं की त्यांच्या मिशा थरथरत. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या हातूनही काही बिघडू शकतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागे.

या चैत्रात मात्र ती शिरायलाच हवी होती, कारण सोमवारी सत्यभामेची परीक्षा होती.

सत्यभामा म्हणजे त्यांची सख्खी भाची, लोणारातच दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा तापाने गेला. पोरीने आसवं पुसली, घरातलं आणि वावरातलं काम उरकून ती भगवानराव गुरुजींकडे जायला लागली आणि सातवीपर्यंतची सगळी पुस्तकं तिने फडशा पाडल्यासारखी वाचून काढली. मेहकरला वर्षातून एकदा बायकांच्या ट्रेनिंग शाळेसाठी परीक्षा होई. तीत निवड झाली की पुढे मास्तरीण होता येई. सासू सोजराबाईंनी परवानगी दिली, पण अट घालून. परक्या गावी रात्र काढायची नाही, दिवेलागणीच्या आत घरी यायचं. बैलगाडीने तर हे जमण्यासारखं नव्हतं, आणि गावात मोटार एकच.

गेल्या वर्षीही ती याच मोटारीने निघाली होती. सुलतानपूर सोडल्यावर जो लांब चढ लागतो त्यावर मोटार उकळली. पाणी घातलं, चार पावलं गेली, पुन्हा उकळली. मेहकरला पोचेतो साडेबारा झाले. परीक्षेचं दार अकराला लागलं होतं, ते कुणी उघडलं नाही. संध्याकाळी सोजराबाईंनी ओसरीवरून विचारलं, काय झालं म्हणून, आणि उकंडरावांनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

“पोरगी उशिरा निंगाली, इहीनबाई,” ते म्हणाले. “मंग मले गाडी पयवा लागली. पयवली म्हून तापली.”

नाचता येईना अंगण वाकडं! सत्यभामा मान खाली घालून उभी होती. तिने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. त्यानंतर वर्षभर सोजराबाई तिला ‘उशीरबाई’ म्हणून हाक मारत. ती हाक कानावर पडली की उकंडराव उगाच वाकून चाकं तपासायला लागत. यंदा सोजराबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “हा दुसरा डाव. तिसऱ्याच्या गोष्टी मले सांगू नका.”

शुक्रवारी संध्याकाळी उकंडरावांनी मोटार आपल्या दारातल्या बाभळीखाली लावली आणि जाहीर केलं, “सोमवारपावेतो फेरी बंद. सोमवारी सकायी निंगीन, ते मेहकरपावेतो टोपणाले हात लावणार नाई.”

त्यांची बायको तानुबाई ज्वारी निवडत होती. “गाईले सांगतलं का हे?” ती म्हणाली.

शनिवारी उजाडताच त्यांनी बाह्या सरसावल्या. आधी पंख्याचा पट्टा. अंगठ्याने दाबून पाहिला, बोटभर दबला, म्हणजे ढिला नव्हता. मग रबरी नळ्या. कुठे चपटी नाही, कुठे चीर नाही. मग सुकाणूजवळची ठिणगीची दांडी. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं, हे त्यांना ठाऊक होतं. तीही जागच्या जागी होती. टाकीच्या जाळीत अडकलेले टोळ, फुलपाखरं, कापसाचे पुंजके त्यांनी दाभणाने एकेक करून टोकरून काढले. इंजिन चालू केलं. पाव तासात टोपण थडथडायला लागलं.

मेहकरच्या कापसाच्या जिनातले मिस्त्री नारायणराव सासुरवाडीला आले होते. ते काठी टेकत आले, कान लावून बसले आणि डॉक्टरने नाडी सोडावी तशी मान हलवली. “डोक्सं फुटलं हिचं आतून. अकोल्याले धाडा. पंधरा दिस लागतीन.”

“पंधरा दिसानं मले मोटार कायले पाह्यजे?” उकंडराव म्हणाले.

मिस्त्री गेल्यावर त्यांनी ते म्हणणंही पारखून पाहिलं. इंजिनाचं डोकं आतून फुटलं असतं तर टाकीतल्या पाण्यात बुडबुडे आले असते. इंजिन गार होऊ दिलं, टोपण काढून ठेवलं, चालू केलं आणि टाकीत डोळे घालून बसले. एक बुडबुडा नाही. तेलाची काडी काढून बोटावर चोळली, तेलात पाण्याचा अंश नाही. डोकं शाबूत होतं. पण बघता बघता एक गोष्ट त्यांना दिसली. पाणी फिरायला पाहिजे तसं फिरतच नव्हतं, डबक्यासारखं जागच्या जागी डुलत होतं.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि जाळीवर तळहात फिरवला. दोन्ही कडांना चटका बसला. मधला सुपाएवढा भाग मात्र गार. म्हणजे मधल्या बारीक नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. आत काहीतरी तुंबलं होतं. त्या नळ्या गव्हाच्या काडीएवढ्या, त्यांत तार घालावी तर नळीच फाटायची. उकंडराव बाभळीखाली मांडी घालून बसले. ऊन डोक्यावर आलं तरी उठले नाहीत.

तानुबाईला पाणी तापवायचा हंडा घासायचा होता. तिने तो त्यांच्याच समोर आणून आपटला. आतून हंड्याला पांढरं कवच धरलं होतं. तिने त्यात पाणी ओतलं, गावच्या खाऱ्या तळ्याच्या काठावरून आणलेला पांढरा पापडी खार दोन मुठी टाकला आणि हंडा चुलीवर चढवला. घटकाभराने उपडा केला तर कवचाचे पापुद्रे गळून पडले.

उकंडराव हंड्याकडे बघत राहिले. “तानू,” ते म्हणाले, “खार किती हाये घरात?”

“मोटारीचे पापड करता का आता?”

पण तिने मडकं आणून दिलं. कढत पाण्यात खार विरघळवून त्यांनी टाकी भरली, इंजिन अर्धा तास मंद चालवलं, मग खाली घमेलं ठेवून तळचा नळ सोडला.

पाणी आलं ते लालभडक. कुंकवाचं पाणी सांडावं तसं. उकंडराव चरकून मागे सरले. तानुबाईने मात्र वाकून बोट बुडवलं, वास घेतला आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. “हयदीवर खार पडला का कुंकू होते, हे मले बालपणापासून ठावं हाये. मोटारीत हयद कोनं टाकली?”

आता काय सांगणार? हळद त्यांनीच टाकली होती. चार वर्षांपूर्वी टाकी एका सांध्याला ठिबकायला लागली, तेव्हा कुणा ड्रायव्हरने सांगितलं होतं, चिमूटभर हळद आणि जवसाचं पीठ सोड, भोक बुजते. बुजलं खरं. मग दर महिन्याला, जरा ओल दिसली की जे दार जवळ असेल तिथे मागायचं आणि सोडायचं. चिमटीची मूठ कधी झाली हे त्यांनाही कळलं नाही. ते भोक बुजवणारं जवस पुढे सगळ्याच नळ्या बुजवत बसलं होतं. घमेल्याच्या तळाशी त्याचाच चिकट लगदा साचला होता.

आणि पोरगी वर्षभर उशीरबाई! उकंडरावांना त्या लाल पाण्याकडे बघवेना. लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. ते उठले आणि खाराचं दुसरं मडकं मागायला शेजारी गेले.

रविवारी दुपारपर्यंत पाच वेळा खार घातला. पाणी लालाचं गुलाबी झालं, गुलाबीचं गढूळ. मग टाकी सोडवून उलटी धरली आणि गावच्या झऱ्याच्या धारेचं गोडं पाणी खालच्या तोंडातून वर ओतत राहिले, तेव्हा उरलेला लगदा भसकन बाहेर पडला. नळ्या मोकळ्या झाल्या, आणि अर्थातच जुनं भोकही मोकळं झालं. त्यांनी टाकी डोक्यावर घेतली, कासाराकडे नेली आणि सांध्याला पक्का डाख लावून घेतला. चार वर्षांपूर्वी करायचं काम अर्ध्या तासात झालं. भर उन्हात त्यांनी मोटार सुलतानपूरच्या चढापर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर टाकीवर तळहात ठेवला. सगळीकडे सारखी गरम होती, टोपण गप्प होतं.

सोमवारी सातची वेळ ठरली होती. उकंडराव साडेसहालाच सोजराबाईंच्या दारी हजर झाले. सत्यभामा धुवट पातळ नेसून, दौत-टाक आणि भाकरीचं गाठोडं घेऊन पायरीवर उभीच होती. सोजराबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. रात्रभर घोकलेलं वाक्य उकंडरावांनी ओठावर आणलं.

“इहीनबाई, तुमाले एक सांगाचं होतं. मांगच्या वर्सी—”

“मामा, उशीर होते,” सत्यभामा म्हणाली आणि पायरी उतरून मोटारीत पुढच्या बैठकीवर जाऊन बसलीही.

सुलतानपूरला आणखी चौघे चढले, मागे बसले आणि पेंगायला लागले. चढ आला. उकंडरावांनी गियर बदलला. मोटार गुरगुरली, निम्म्यावर आली, गेल्या वर्षीचा लिंब मागे पडला. टोपणातून वाफेचा धागासुद्धा निघाला नाही. माथा दिसायला लागला तेव्हा त्यांनी समोर बघतच सांगून टाकलं.

“सत्यभामे, मांगच्या वर्सी तुह्या उशिरानं काई झालं नवतं. टाकीत म्याच हयद आन जवस कोंबलं होतं. ते तुंबलं.”

“मले माहीत हाये.”

“कोनं सांगतलं?”

“सांगाले कायले पाह्यजे? त्या दिवशी सकायी आमच्याच दारात टाकी ठिबकली. तुमी हयद मांगतली, म्या वाटीभर आणून देल्ली. जवसाचं पीठ बी आमच्याच जात्यावरचं. तुमी सारी वाटी रिकामी केली, तवाच मले भेव वाटलं.”

उकंडरावांचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटता सुटता राहिला. “मंग तवा बोलली काऊन नाई, बाई? वर्सभर आयकून घेतलं!”

सत्यभामेने गाठोडं मांडीवर घट्ट धरलं. “मोटारच खराब हाये म्हटलं असतं, तं सासूबाईनं मले पुन्हा हिच्यात पाय ठिऊ देल्ला असता का? आन दुसरी मोटार हाये कुठी? मी उशिरा निंगाली म्हटलं, तं या वर्सी लवकर निंगता येते.” मग थोडं थांबून म्हणाली, “लई राग आला होता तुमचा. अजून हाये. पण पेपर होयेपावेतो मले तो नाई पाह्यजे.”

मोटार माथ्यावर आली.

नऊच्या आत त्यांनी तिला परीक्षेच्या दारात सोडलं. दार अजून उघडायचं होतं. ते समोरच्या झाडाखाली मोटार लावून दिवसभर तिथेच बसले, भाकरीसुद्धा तिथेच खाल्ली. ती साडेतीनला बाहेर आली. बोटं शाईने भरली होती आणि चेहरा असा होता की विचारायची गरज पडली नाही.

परतताना तिने एकच सांगितलं. “सासूबाईले सांगाचं का नाई, ते तुमी पाहा. माह्यं काम झालं.”

लोणारात पोचले तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. सोजराबाई ओसरीवर होत्या. शेजारच्या दोन-तीन बायका बसल्या होत्या, आणि नारायणराव मिस्त्री, ‘डोकं फुटलेली’ मोटार परत येते की नाही ते बघायला, काठीवर हनुवटी टेकून थांबले होते. सत्यभामा पायऱ्या चढली. सोजराबाईंनी तिच्या शाईच्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

“आज येळेवर निंगाली म्हणाची उशीरबाई.”

उकंडरावांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. सगळे ऐकत होते. नारायणरावही.

“ते मांगच्या वर्सी बी येळेवरच निंगाली होती, इहीनबाई,” ते म्हणाले. “उशीर माह्या हातानं झाला होता.”