सत्तूताच्या खुराड्यातलं अंडं

सत्तूताच्या घराच्या धाब्यावर, त्या सपाट छतावर, पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली वर चढली होती, उरलेली जिन्यात एकमेकींच्या टाचा तुडवत उभी होती. माझी लेक खांद्यावर नुकती कुठे डोळे मिटत होती, तेवढ्यात बायका किंचाळल्या आणि ती दचकून उठली. तिच्या इवल्याशा कानावर तळहात धरून मी पुढे बघितलं.

बशीत फुटलेलं अंडं होतं, आणि बलकात काळ्या दोऱ्यानं बांधलेली कागदाची सुरळी.

"पाहा!" गावोगाव करणी उतरवत फिरणारा शेख मुतवल्ली गरजला. "तुमच्या डोळ्यांदेखत हिच्या कोंबडीखालून काढलं! हिची कोंबडी करणी घालते, अंडं नव्हे! म्हणून तुमची खुराडी आटली!"

"मौलाना, तुमचे उपकार!" माझी सासू झन्नूबा, हजला जाऊन आल्यापासून सगळ्यांची हज्जा, त्याच्या ढगळ बाहीला डोळे लावत होती.

कोपऱ्यात सत्तूता उभी होती. नाईलच्या कालव्याकाठच्या आमच्या गावात बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. सत्तूताला मूल झालं नाही, नवराही गेला; ती नुसती सत्तूताच राहिली. पोटाला तिच्याकडे सहा कोंबड्या होत्या, दुसरं काही नाही. आणि मूल नसलेल्या बाईची नजर वाईट, हे शेख यायच्या आधीच गल्लीत ठरलेलं होतं. त्यानं फक्त अंडं आणलं.

कोंबड्या पाळायला मला तिनंच शिकवलं. लेकीला पुढेमागे घरचं अंडं मिळावं म्हणून सासूनं पाच तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या, तेव्हा सत्तूता रोज आमच्या धाब्यावर यायची. "पाणी रोज बदल गं. कवचं कुटून दाण्यात घाल, नाहीतर अंडं पातळ कवचाचं होतं. मांजरापासून जप. आणि ऊन येऊ दे, ऊन!" पहिलं अंडं आलं तेव्हा आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसलो.

सासू मात्र घाबरली. इतकं चांगलं चाललंय म्हणजे कुणाची तरी दृष्ट लागणार. तिनं खुराड्याला चहूबाजूंनी गोणपाट शिवलं, वर निळा मणी टांगला. ते बघून गल्लीतल्या सगळ्या नवशिक्या कोंबडीवाल्यांनी गोणपाटं शिवली. थंडी पडू लागली आणि घरोघरची अंडी बंद झाली. सत्तूताची तेवढी चालू. तिनं खुराडं झाकलं नव्हतं. "माझ्याकडे दृष्ट लावण्यासारखं आहे काय?" असं ती म्हणायची. तेच तिच्यावर शेकलं.

"उतारा एकच," शेख आवाज खोल करून म्हणाला. "साही कापायच्या. रक्त उंबऱ्यांवर शिंपडायचं. मांसाला कुणी शिवायचं नाही. ते शापित आहे, मी नेऊन पुरेन."

कुठे पुरणार ते त्याच्या पोटाच्या घेरावरून दिसत होतं.

"हज्जा," सत्तूता पुढे आली, "तुमची सून बाळंत झाली तेव्हा अंडी कुणी दिली? मीच ना?"

"म्हणूनच दिलीस, सटवे! करणी घालायला!"

"आधी गोणपाट काढून तर बघू," मी म्हटलं.

"तू गप्प! बाळंतिणीचं डोकं दुधात वाहून गेलेलं असतं."

बायका खी खी हसल्या. सासूनं पहिली कोंबडी पाय धरून उलटी केली, शेखानं सुरी फिरवली. मग दुसरी. सत्तूता ओरडली नाही, एकेकीचं नाव घेत राहिली. शेवटची तिच्या कुशीत शिरली होती. तिची बोटं उलगडायला दोघी लागल्या.

पिसं अजून हवेत होती, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "लस टोचायला आलेय. कोंबड्या कुठेत?" गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर नर्गिस. तिनं रक्त पाहिलं, बशी पाहिली, शेखाला पाहिलं आणि लसीची पेटी खाली ठेवली.

शेख घाईघाईनं पोत्यात कोंबड्या भरत होता. पायाशी त्याची टोपली होती. तिच्यावरचं फडकं मी एका हातानं ओढलं. आत आणखी तीन अंडी.

"ती... ती मंतरलेली आहेत! हात जळेल!"

"जळू दे," नर्गिस म्हणाली. "पाणी आणा कुणीतरी."

भांड्यात तिन्ही अंडी तरंगली.

"बाजारात अंडी घेताना तुम्ही सगळ्या हे करून बघता ना? ताजं बुडतं, जुनं तरंगतं. मग आज कुणालाच आठवलं नाही?" तिनं एकाच्या टोकावर नख घासलं. भिंतीच्या पांढऱ्या गिलाव्याचा कण निघाला, खाली भोक. दोरा धरून तिनं सुरळी बाहेर काढली. "भोक पाडायचं, सुरळी कोंबायची, बुजवायचं, बाहीत लपवायचं. कोंबडीखाली हात घातला की झालं. आता सांगा मौलाना, ही तीन कुणाकुणाच्या घरासाठी होती?"

आत्ताच हसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग पहिली चप्पल उडाली आणि शेख पोतं टाकून जिन्यावरून गडगडत गेला.

"पण आमची अंडी खरंच बंद झालीत हो," सासू पुटपुटली.

"कोंबडीला अंडं घालायला उजेड लागतो, हज्जा. थंडीत दिवस आधीच लहान. त्यात तुम्ही गोणपाट शिवून तिची दिवसाढवळ्या रात्र केलीत. दृष्ट तुमच्या हातानंच लागली."

संध्याकाळी सासू आमच्या दोन कोंबड्या घेऊन सत्तूताच्या दारात गेली. मी लेकीला घेऊन मागे उभी होते. सत्तूतानं दार उघडलं, कोंबड्यांकडे बघितलंही नाही. "मला कोंबड्या नकोत, हज्जा. उद्या दुसरा शेख येईल, तेव्हा तुम्ही पुन्हा माझ्याच धाब्यावर चढाल." तिनं दार लावून घेतलं. पुढच्याच आठवड्यात ती भावाच्या गावी निघून गेली.

बायांनो, कोंबड्या जरूर पाळा. पोरांना ताजं अंडं मिळतं, घराला हातभार लागतो. अंडी थांबली तर उजेड बघा, दाणा बघा, पाणी बघा, दवाखान्यात विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर तो पाण्यात बुडवून बघा. आणि हे सगळं सुरी उचलायच्या आधी करा. आम्ही नंतर केलं. शेखाची लबाडी उघडी पडली, पण सत्तूताचं खुराडं रिकामंच राहिलं.