नाही म्हटलं तर चालतं का?

रेनिटा गॅड्सडेन पोलिसात भरती झाली, तेव्हा टॅलमन गावातल्या तिच्या निम्म्या गल्लीला आनंद झाला आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने तिच्याशी बोलणं कमी केलं. पहिले काही महिने तिला शिकवायला हारग्रोव्ह साहेब होते. तिच्यासारखेच काळे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या याच रस्त्यांवर केस पांढरे झालेले. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्यांची शिकवण रोखठोक होती.

"गाडी डोळ्यांत खुपली की मागे लागायचं. दोन चौकांत काहीतरी चूक सापडतेच. थांबवायचं चुकीसाठी, शोधायचं दुसरंच. कायदा आड येत नाही."

"आणि झडती घ्यायची तर?"

"ती मागायची, गोड बोलून. लोक हो म्हणतात गं."

म्हणत होतेही. "गाडीत जरा नजर टाकली तर हरकत नाही ना?" हे वाक्य रेनिटाने इतकं घोटलं होतं की शेजारणीकडे विरजण मागावं तसं ते तोंडातून निघे. लोक खाली उतरत, कडेच्या गवतात उभे राहत, आणि त्यांच्या पिशव्या, बुटांचे जोड, लेकरांची दप्तरं रस्त्यावर येत. बहुतेक वेळा हाती काही लागत नसे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी भर दुपारी एक जुनी पांढरी व्हॅन गोगलगायीसारखी चालली होती.

"इतकं सांभाळून कोण चालवतं?" हारग्रोव्ह म्हणाले. "लाग मागे."

चूक सापडली. नंबरप्लेटभोवती चर्चचं नाव कोरलेली चौकट होती आणि तिच्याखाली राज्याच्या नावाची अक्षरं झाकली गेली होती. रेनिटाने टपावरचा पोलिसी दिवा लावला. व्हॅन कडेला थांबली.

आत साठीची बाई होती, ओडेसा पेटवे. तिने न सांगताच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. लायसन्स ठीक, कागद ठीक. चौकटीचं सांगितल्यावर ती म्हणाली, "पाद्रीबाबांनी सगळ्यांना वाटल्यात गं त्या. मग आमचं सगळं चर्चच गुन्हेगार म्हणायचं."

रेनिटाला हसू आलं. तिने तोंडी समज दिली. पलीकडच्या काचेतून हारग्रोव्ह आत डोकावत होते. मागे एक भलं मोठं खोकं, वर चादर. त्यांनी रेनिटाकडे बघून भुवई उडवली, म्हणजे विचार तिला.

"मॅम, गाडीत जरा नजर टाकली तर हरकत नाही ना?"

ओडेसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "नाही म्हटलं तर चालतं का?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. हारग्रोव्ह खाकरले. रेनिटाच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला.

"चालतं, मॅम."

"खरंच?"

"खरंच."

"मग नाही." बाईंचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. "भाचीच्या लग्नाचा केक आहे. मागचं दार उघडलं की लोण्याची फुलं वितळतील. पण केक नसता ना बाळा, तरी आज नाहीच म्हटलं असतं."

"श्वानपथक बोलावू? कुत्र्याने बाहेरून हुंगायला परवानगी लागत नाही," हारग्रोव्ह म्हणाले.

"समज देऊन झाली, सर. आता थांबवून ठेवायला कारण नाही." तिने लायसन्स परत केलं. व्हॅन आली तशीच हळूहळू निघून गेली.

दोघं आपल्या गाडीत येऊन बसले. मग हारग्रोव्ह म्हणाले, "केक आहे हे तुला कुठे ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"पिस्तूल असतं तर?"

"तर ते गेलं असतं, सर."

"माझा पुतण्या गेला, तो अशाच एका पिस्तुलाने. कुठल्यातरी गाडीतूनच आलं असेल ना ते गावात?" ते रागावले नव्हते, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

तेव्हापासून ती प्रत्येकाला आधीच सांगू लागली, "तुम्ही नाही म्हणू शकता बरं का." वाटलं होतं, आता लोक नाही म्हणतील. कसचं काय! माणसं तिच्या तोंडाकडे, मग कमरेच्या पिस्तुलाकडे बघत आणि म्हणत, "बघा ना, बघा. आमच्याकडे काय आहे!" एकाने तर विचारलं, "ही कसली नवी परीक्षा?" शेवटी तिने विचारणंच सोडलं.

हारग्रोव्हनी तिला पास केलं. जाताना म्हणाले, "तू हट्टी आहेस पोरी. मी चुकतोय की तू, हे मला तरी कळायचं नाही."

एकटी फिरू लागल्यावर एका संध्याकाळी तिने मागचा दिवा फुटलेली एक गाडी थांबवली. चालवणारा गवंडी असावा, कपड्यांवर सिमेंट. ती दाराशी पोहोचायच्या आतच तो हात वर करून उतरला.

"डिकी उघडू?"

"नको. फक्त दिवा बदलून घ्या, काका. जा तुम्ही."

"उघडतो ना. काही नाही तिच्यात."

"अहो, मी मागितलीच नाही झडती. बसा गाडीत."

तो बसला नाही. काहीतरी राहिलंय, पुढे काहीतरी होणारच आहे, अशा नजरेने तिच्याकडे बघत गवतात उभा राहिला. रेनिटाने पुन्हा सांगितलं, मग आपल्या गाडीत जाऊन बसली आणि निघाली. वळणावर पोहोचल्यावर तिला आरशात दिसलं, त्याने आत्ता कुठे हात खाली घेतले होते.