टाचण्या

"आणखी दोन बोटं वर घ्या," एदेल्मिरा म्हणाली.

ओफेलियाबाई गुडघ्यांवरच थोड्या पुढे सरकल्या. ओठांत धरलेल्या टाचण्यांतली एक त्यांनी काढली, झग्याची कड दुमडली आणि टोचली. स्टुलावर उभी असलेली मिलुस्का वैतागून छताकडे बघत होती. पंधराव्या वाढदिवसाला तिला काळी पँट आणि जाड तळव्यांचे बूट हवे होते. तार्माहून लिमाला येताना सगळा घाट उतरेपर्यंत मायलेकींचं त्यावरूनच वाजलं होतं. आणि आता तिच्या अंगावर आकाशी रंगाचा, फुग्यांच्या बाह्यांचा झगा होता. याआधी अंगावर चढवून उतरवलेल्या झग्यांचा ढीग बाजूला पडला होता.

"आई, मला हा नकोय."

"गप उभी राहा."

"अख्ख्या गामारात कपड्यांचीच दुकानं आहेत. तुला हेच बरं सापडलं."

खालच्या गल्ल्यांतली कितीतरी दुकानं मागे टाकत एदेल्मिरा मुलीला या जुनाट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली होती, आणि ती काही झग्यासाठी नव्हे. लिमात घरकाम करणाऱ्या तिच्या चुलतबहिणीने मागे बातमी आणली होती. खेसुस मारिया भागातल्या बंगल्यातली ती ओफेलियाबाई, नवरा गेल्यावर बंगला विकून बसली, आता गामारात पोरींचे पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभाचे झगे विकते. त्या दिवसापासून एदेल्मिरा मुलीला पंधरा पुरी व्हायची वाट पाहत होती.

बाईंनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशा? त्यांच्या घरी कामाला आलेली ती दोन वेण्यांची हडकुळी पोर होती. तार्माच्या बाजारात फुलांचा घाऊक धंदा करणारी ही कापलेल्या केसांची भारदस्त बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या घरातल्या पहिल्याच दिवशी बाईंनी तिला नाव विचारलं होतं आणि ऐकून म्हणाल्या होत्या, "फारच लांबलचक आहे गं. आमच्याकडच्या सगळ्या मुली रोसाच." पुढे त्या घरात तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

तिचा बेत साधा होता. एकूण एक झगे काढायला लावायचे, मापं घ्यायला लावायची, गुडघे टेकायला लावायचे, आणि काहीही न घेता निघून जायचं. पण सकाळपासून बाई सगळं हसतमुखाने करत होत्या. घडी मोडायला कंटाळत नव्हत्या, की मिलुस्काचं तोंड वाकडं झालं तरी चिडत नव्हत्या. अधूनमधून काहीतरी गुणगुणतही होत्या. आपल्याला कुणी छळतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि एदेल्मिराच्या पोटातली आग होती तशीच होती.

"तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

"ओफेलिया," बाई टाचण्यांआडून म्हणाल्या.

"अवघड आहे. माझ्या नाही लक्षात राहायचं. मी आपली तुला रोसा म्हणते. चालेल ना?"

मिलुस्काने चमकून खाली पाहिलं. तिची आई बाजारात हमालांशीसुद्धा अहो-जाहो करून बोलायची.

बाईंचे हात थांबले. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. मग मान वर करून एदेल्मिराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझ्याकडे रोसा पुष्कळ झाल्या," त्या म्हणाल्या. "त्यांतली तू कुठली?"

एदेल्मिराने कितीतरी उत्तरांची तयारी केली होती. बाई कानांवर हात ठेवतील, रडतील, हाकलून देतील. हा प्रश्न तिला सुचला नव्हता. आणि बाई किती सहज 'तू'वर आल्या होत्या.

"दूध उतू घालवायची, ती का?"

"लेसच्या ब्लाउजची," एदेल्मिरा म्हणाली.

ती एक पाऊल पुढे आली.

"तुमच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस होता. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी तिच्याच वयाची. मला स्वयंपाकघरात नेलंत, दार उघडं ठेवलंत आणि एकेक कपडा उतरवायला लावलात. ब्लाउज आत घातलाय का ते बघायला." आपण पुन्हा 'तुम्ही'वर आलो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ओठ आवळले.

"आई," मिलुस्का हळूच म्हणाली. एदेल्मिराने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाई हातातल्या टाचण्यांकडे बघत होत्या.

"तो धुलाईवाल्याकडे होता," त्या म्हणाल्या. "सोमवारी आला."

"सोमवारी?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला कामाला लावणाऱ्या माझ्या मामाला तुम्ही त्याच रात्री फोन केला होतात, पोरीने चोरी केली म्हणून. मी घरी पोचायच्या आधी गावभर झालं होतं." तिचा आवाज चढला नाही. "सोमवारी नाही केलात?"

"नाही."

"का?"

बाईंनी थोडा विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. बहुधा त्यांना त्याची गरजच वाटली नसावी.

"बरं दिसलं नसतं," त्या म्हणाल्या.

एदेल्मिराचा बाप मरेपर्यंत घरातून बाहेर पडताना पैशांचा डबा कुलपात ठेवायचा. लेकीसमोरच ठेवायचा. तो ब्लाउज कधी सापडलाच नाही, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. खऱ्या चोराला तिने मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या. आणि चोर कुणी नव्हताच.

"झगा पसंत असला तर शिलाईचं काही लावणार नाही मी," ओफेलियाबाई म्हणाल्या.

एदेल्मिराने खांद्यावरची पिशवी सावरली. "उतर, मिलुस्का. निघू या."

मिलुस्का उतरली नाही. ती समोरच्या आरशात पाहत होती. आधी आईकडे, मग पायांशी बसलेल्या बाईंकडे.

"थांब," ती म्हणाली. "मला वाटतं, फारच वर गेलाय. सगळ्या टाचण्या काढ आणि खाली घे."

मिलुस्काने आयुष्यात कुणा म्हाताऱ्या माणसाला एकेरीत हाक मारली नव्हती. बाईंनी एदेल्मिराकडे पाहिलं. एदेल्मिरा लेकीकडे बघत होती. तेव्हा बाईंनी स्टुलाच्या कडेला हात टेकला आणि टाचण्या काढायला सुरुवात केली. घेर मोठा होता. त्याला सबंध फेरा घालून त्या पुन्हा पहिल्या जागी आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"आता लांब वाटतोय," मिलुस्का म्हणाली. "वर."

दुसऱ्या फेऱ्यात बाईंच्या बोटात टाचणी घुसली. कापडाला डाग लागू नये म्हणून त्यांनी बोट चटकन तोंडात घातलं.

"डावीकडे वाकडं झालंय. परत कर."

मुलीच्या आवाजात राग नव्हता. पाण्याचा पेला मागावा तसं ती बोलत होती. एदेल्मिराच्या घरात असं कुणी बोलत नसे, तिने लेकीला हे कधी शिकवलंही नव्हतं. हा सूर तिने आजवर एकाच घरात ऐकला होता.

'पुरे' हा शब्द तिच्या ओठांवर आला.

मिलुस्काने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "आई, गाडीला वेळ आहे ना?"

ओफेलियाबाईंची मान खाली होती. रंगवलेल्या केसांच्या मधोमध पांढरा भांग उघडा पडला होता. त्याही हात थांबवून उत्तराची वाट पाहत होत्या.

"आहे," एदेल्मिरा म्हणाली. "भरपूर आहे."