पाहुण्यांसाठी शॉवर

गल्ली तिला तोंडावर काकू म्हणायची आणि पाठीमागे तोफ. काकूला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात तोफ डागायला समोर माणूस उरलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

सोमवारी मुलाचा फोन आला. शनिवारी ऑफिसच्या कामाला तिकडे येतोय, बायको आणि मुलगीही बरोबर, चार दिवस. उतरणार कुठे, ते तो बोलला नाही. काकूनेही विचारलं नाही. पोटच्या पोराला घरी राहशील का म्हणून विचारायचं, म्हणजे आपण काय लॉज चालवतो? पण फोन ठेवला आणि ती तडक बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली.

मागच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, सूनबाई याच शॉवरखाली उभी राहिली होती. एक धार भिंतीवर, एक दाराबाहेर आणि एक नेमकी तिच्या डोळ्यात. सून चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिघं बॅगा उचलून सुनेच्या मैत्रिणीकडे राहायला गेली. तुम्हाला उगाच त्रास, म्हणे. ते काकूच्या घशात अजून अडकलेलं होतं.

पाणीच त्या भागातलं मुलखाचं क्षाराचं. कळशीला पांढरी कड, किटलीच्या बुडाला खपली. शॉवरच्या तोंडावर तर चुना थापल्यासारखी पुटं चढली होती. त्यात गेले चार महिने तो गळायलाही लागला होता. टप, टप. काकू रोज सकाळ-संध्याकाळ कॉक पिळायची, दातओठ खाऊन. बरणीचं झाकण असो, दाराची कडी असो, तिचा हात असाच. तिने बंद केलेलं उघडायला नवऱ्याला पक्कड लागायची.

तिने शॉवरचं तोंड पिशवीभर व्हिनेगरमध्ये बुडवलं, पिशवी वर रबराने बांधली आणि दुपारभर तसंच ठेवलं. मग स्टुलावर चढून गोधडीच्या सुईने एकेक भोक मोकळं केलं. पुटं सुटून पडली, आतून चकचकीत तोंड निघालं. काकूने स्वतःलाच शाबासकी दिली आणि खाली उतरली.

शॉवर धो धो गळायला लागला. कॉक बंद, आणि पाणी चालू. काकूने पक्कड आणली, होता नव्हता तो जोर लावला. आत काहीतरी कटकन वाजलं आणि कॉक गोल गोल फिरायला लागला, पोरांच्या भिंगरीसारखा.

गच्चीवरचा मुख्य नळ बंद करून तिने प्लंबरला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, सावकाश बोलणारा. त्याने कॉक उघडला, आतला वायसर, ती रबरी चकती, तळहातावर घेतला. रबराचा नुसता भुगा.

"काकू, कुणी एवढा पिळला हो हा?"

"मी. का?"

"काही नाही. हात दमदार आहे." त्याने चष्मा वर केला. "वायसर कधीच गेलेला. क्षाराने भोकं बुजली होती, म्हणून इतके दिवस नुसता थेंब थेंब गळत होता. तुम्ही वाट मोकळी केलीत. दोष तोंडात नव्हताच."

"माझ्या सासरी कळवा एवढं," काकू म्हणाली. "तोंडात दोष नाही, असं या घरात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणतंय."

प्लंबर हसला. त्याने वायसर टेकतो ती आतली बैठक खरवडून साफ केली, नवा दांडा बसवला, नवा वायसर घातला. मग गच्चीवरचा नळ सोडून आला आणि शॉवर चालू करून, बंद करून दाखवला. "हे असं. दोन बोटांनी. पाणी थांबलं की आपणही थांबायचं."

"मला शिकवताय?"

"नाही हो. मी माझ्या घरीसुद्धा हेच सांगतो, तिथेही कुणी ऐकत नाही."

काकूने चहा टाकला. चहा झाल्यावर तिला आठवलं की स्वयंपाकघरातला नळही जरा बघायला हवा. त्या नळाला काहीही झालेलं नव्हतं. प्लंबरने तो दोनदा उघडला, दोनदा बंद केला, चांगलाय म्हणाला, आणि आणखी अर्धा कप घेऊन गेला.

गुरुवारी काकूने फरशी घासली. नवा साबण काढला. मागच्या खेपेला नात केवढी होती ते आठवून तिच्या टॉवेलसाठी खाली एक खुंटी ठोकली, मग वाटलं दोन वर्षांत पोर वाढली असेल, म्हणून ती काढून वीतभर वर ठोकली. खालच्या मजल्यावरची बाई मीठ मागायला आली, तर तिला आधी बाथरूम दाखवलं, मग मीठ दिलं.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"आई, उद्या दुपारपर्यंत पोचतो."

"या."

"राहायचं म्हणत होतो..." तो अडखळला. "ऑफिस हॉटेल देतंय. म्हणजे, तुला उगाच..."

पुढचं काकूने ऐकलंच नाही. नको म्हणायची पाळी त्याच्यावर येण्याआधी आपण म्हणावं.

"बरंच झालं," ती म्हणाली. "इथे शॉवर बिघडलाय. गळतोय सारखा. तुम्हाला जमायचं नाही."

"अजून तसाच? अगं, तुझ्याकडे राहू का, हेच मी विचारणार होतो. ही म्हणत होती, हॉटेल कशाला, आईंकडेच राहू या. मीच म्हटलं, आधी तुला विचारतो."

मागून नातीचा आवाज आला, "आजीकडे ना, बाबा?"

काकूच्या जिभेवर शब्द आले होते. झाला दुरुस्त. पण मग खोटं का बोललीस, हे आलं. दुरुस्त कुणासाठी केलास, तेही आलं. गल्लीभर तोफ म्हणून मिरवलेल्या बाईने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"आता बघ बाबा तुझं तू," ती म्हणाली.

"मग हॉटेलच बरं. रविवारी जेवायला येतो सगळे."

"या."

फोन मांडीवर ठेवून ती बसली. चहा गार झाला, वर साय धरली. मग तिने चष्मा लावला, मुलाच्या नावावर बोट ठेवलं. एक रिंग गेली. दुसरी गेली. तिने फोन कापला.

लगेच त्याचाच आला. "आई, फोन केलेलास?"

"चुकून लागला."

"बरं."

तो ठेवेना. तीही ठेवेना. त्याच्या मागे कुणीतरी बॅगेची चेन ओढत होतं, ते ऐकू येत होतं.

"ठेव आता," काकू म्हणाली, "तुम्हाला आवरायचं असेल." आणि त्याने ठेवला.