तळ्यात विसळलेला कॅन

राजानंद गुरुजींना घरच्या पाण्याचा थेंब वाया गेलेला खपत नसे. शेतातल्या पंपाच्या इंजिनात बियांच्या तेलाचं बायोडिझेल ओतलं, की कॅन ते गावच्या तळ्यात विसळत. झाडाचं तेल पाण्याला काय करणार, ही त्यांची समजूत पक्की.

लेक ज्योत्स्ना रत्नागिरीला समुद्रातल्या शिंपल्यांवर याच तेलाचा परिणाम अभ्यासत होती. सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाबा, शिंपले मरतील की तळ्यातले!"

"गप. मास्तर मी हाये का तू?"

तिनं दोन घमेल्यांत तळ्यातले शिंपले ठेवले आणि एकात कॅनचं धुवण ओतलं. निरोगी शिंपला बोट लागताच मिटतो. दुसऱ्या दिवशी धुवणातले तोंड वासून पडलेले, बोट घातलं तरी ढिम्म. मग "हे बी तसलेच असतील" म्हणत गुरुजींनी फुशारकीनं साध्या पाण्यातल्या शिंपल्याच्या फटीत बोट घातलं. त्यानं कचकन धरलं.

"अगं सोडव जल्दी!"

"आधी कबूल करा."

"कबूल! न्हाई विसळणार कॅन तळ्यात!"

हात पाण्यात बुडवून ठेवल्यावर शिंपला सुटला. मग गुरुजी लाल बोट गावभर मिरवत फिरले, "लेकीचा अभ्यास बिलकुल बराबर हाये."